सीला आणि सिल्वान

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आपल्याला सीला भेटतो. पौलाच्या व पेत्राच्या पत्रांत सिल्वान भेटतो. पुष्कळ वाचक ही दोन माणसे समजतात. बहुतेक शास्त्राभ्यासकांच्या मते मात्र हा एकच मनुष्य होय. रोमी जगात लांब नाव आखूड करून हाक मारण्याची रीत सर्रास होती. देमास हे नाव देमेत्रियसारख्या नावापासून झाले. प्रिस्का हिला लूक प्रिस्किल्ला या लाडक्या नावाने ओळखतो. सिल्वान हे लॅटिन नाव पत्राच्या आरंभी शोभे. सीला हे बंधुवर्गाच्या तोंडचे. कोणी ते शौल या नावाचे अरामी रूप मानतात.

सीला हा यरुशलेमेतील मंडळीचा प्रमुख बंधू व संदेष्टा होता. इ. स. 49 च्या सुमारास परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर सुंतेचे ओझे लादू नये, असा निर्णय तेथे झाला. त्याचे पत्र अंत्युखियास नेऊन तोंडी समजावून सांगण्यास यहूदा बर्सब्बा याच्याबरोबर त्याची निवड झाली. पुढे मार्कावरून पौल व बर्णबा यांचे बिनसले, तेव्हा पौलाने सीलाला सोबती म्हणून घेतले.

फिलिप्पै येथे त्याची कसोटी लागली. एका दासीला भुतापासून मुक्ती मिळाली आणि तिच्या धन्यांची कमाई बुडाली. त्यांनी पौल व सीला यांना अधिकाऱ्यांपुढे ओढून नेले. दोघेही रोमी नागरिक. तरी चौकशीवाचून त्यांना छड्या मारल्या व पाय खोड्यात घातले. मध्यरात्री ते प्रार्थना करीत व गीते गात असता भूमिकंप झाला, दारे उघडली; पण कोणी पळाला नाही. त्याच रात्री बंदिशाळेच्या नायकाने सहकुटुंब बाप्तिस्मा घेतला. सकाळी अधिकाऱ्यांना स्वतः येऊन विनवावे लागले.

नंतर थेस्सलनीका, बिरुया व करिंथ येथे सीलाने सेवा केली. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दोन्ही पत्रांच्या आरंभी पौल व तीमथ्य यांच्यामध्ये सिल्वानाचे नाव आहे. पेत्राने आपले पहिले पत्र त्याच्याच हस्ते लिहिले व त्याला विश्वासू बंधू म्हटले. त्याच्या एकट्याच्या नावाचे पत्र मात्र नव्या करारात नाही.

शब्बाथ शाळेत हा पाठ घेताना शिक्षकांनी दोन्ही नावे एकत्र सांगावीत. नावे वेगळी राहिली, तर त्याची अर्धी सेवा आपल्या नजरेतून सुटते. आपल्या मंडळीतही पुस्तकात एक नाव आणि हाकेला दुसरे, अशी किती माणसे दुसऱ्यांचे ओझे निमूटपणे वाहतात! प्रभूला त्यांची दोन्ही नावे ठाऊक आहेत. आपणही ती जाणून घ्यावीत.