काटकसरी यंत्राचा जनक : रुडॉल्फ डिझेल

कित्येक थोर पुरुषांची नावे इतिहासाच्या ग्रंथांत राहतात. परंतु ज्यांचे नाव लोकांच्या नित्याच्या बोलण्यात इतके मिसळून गेले की ते कोणा मनुष्याचे होते याचाच विसर पडावा, असे पुरुष विरळा. रुडॉल्फ डिझेल हे अशांपैकी एक होत. आमच्या भंडारा जिल्ह्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर रात्रंदिवस मालमोटारी धावतात, धानाच्या बांध्यांना पाणी देणारी इंजिने धडधडतात, आणि पंपावर तेल घालणाऱ्या मनुष्याच्या कानी डिझेल हा शब्द दिवसातून शेकडो वेळा पडतो. पण हे एका माणसाचे आडनाव आहे, हे वर्गात विचारले असता थोड्याच विद्यार्थ्यांस सांगता येते.

वरच्या इयत्तांतील विद्यार्थी व त्यांचे पालक आम्हांस पुष्कळदा असा प्रश्न करितात की, रोज नागपूरपर्यंत जाणे-येणे असेल आणि मोटार तर चपळ हवी असेल, तर ती पेट्रोलवर चालणारी घ्यावी की डिझेलवर? या प्रश्नाचे उत्तर या गृहस्थांच्या चरित्राशी फार जवळून निगडित आहे. म्हणून प्रथम चरित्र सांगून मग आम्ही त्या प्रश्नाकडे वळू.

रुडॉल्फचा जन्म 18 मार्च 1858 रोजी पॅरिस शहरी झाला. त्याचे आईबाप मूळचे जर्मनीतील बव्हेरिया प्रांताचे. बाप कातडी वस्तू बनविण्याचा धंदा करीत असे. घरची स्थिती बेताची होती. 1870 साली फ्रान्स व प्रशिया यांच्यामध्ये युद्ध पेटले, तेव्हा पॅरिसमधील इतर जर्मन कुटुंबांप्रमाणे या कुटुंबासही शहर सोडून लंडनचा आश्रय घ्यावा लागला. तेथे सर्वांचे पोट भरणे कठीण झाले, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच ऑग्सबर्ग येथे नातलगांकडे पाठविण्यात आले. ज्यांच्या घरी तो राहिला ते गृहस्थ तेथील औद्योगिक शाळेत गणित शिकवीत असत. या शिक्षकाच्या घरी मुलाच्या बुद्धीस वळण लागले. चौदाव्या वर्षीच त्याने आईबापांस पत्राने कळविले की, आपण एंजिनियर होणार. शाळेत तो पहिला आला. 1875 साली म्युनिकच्या पॉलिटेक्निक विद्यालयात त्याला शिष्यवृत्ती मिळाली. त्याने लगेच कमावते व्हावे अशी आईबापांची इच्छा होती; तरी ती बाजूस ठेवून त्याने विद्येची कास धरली.

म्युनिक येथे कार्ल फॉन लिंडे नामक विख्यात प्राध्यापक उष्णतेचे शास्त्र शिकवीत. कृत्रिम बर्फ तयार करण्याच्या यंत्रांबद्दल त्यांची कीर्ती होती. त्यांच्या व्याख्यानांत रुडॉल्फने ऐकले की, त्या काळची वाफेची यंत्रे जेवढा कोळसा खातात, त्याच्या उष्णतेपैकी फार तर दहावा हिस्सा कामी येतो. बाकीची धुराड्यातून व यंत्राच्या अंगातून वाया जाते. शंभर विद्यार्थी ते वाक्य वहीत लिहून घेतात व परीक्षा झाली की विसरतात. या एका विद्यार्थ्यास मात्र ती नासाडी पाहवेना. वाया जाणारे नऊ हिस्से वाचवावयाचे कसे, हा एकच विचार त्याने पुढील कैक वर्षे मनाशी बाळगला. 1879 साली विषमज्वराने त्याची शेवटची परीक्षा हुकली. पण 1880 च्या आरंभी तो ती अत्युच्च श्रेणीत उत्तीर्ण झाला. त्यानंतर त्याने पॅरिस येथे लिंडे यांच्या बर्फाच्या कारखान्यात नोकरी धरली. 1883 साली मार्था फ्लाशे या युवतीशी त्याचा विवाह झाला व त्यांना तीन अपत्ये झाली. 1890 साली हे कुटुंब बर्लिनला गेले.

आता डिझेल यांनी नवे काय शोधून काढिले, ते थोडक्यात समजून घेणे अवश्य आहे. 1876 साली ऑटो यांनी चार फेऱ्यांचे इंजिन सिद्ध केले होते. आजच्या पेट्रोल मोटारींचे इंजिन त्याच कुळातले. त्यात इंधनाची वाफ व हवा यांचे मिश्रण दाबले जाते व विजेच्या ठिणगीने पेटविले जाते. मिश्रण फार दाबले तर ते अवेळी पेटते, म्हणून दाबण्याला मर्यादा येते. डिझेल यांनी विचार केला की, आधी नुसती हवाच दाबावी. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक हातास चटके देते, हा अनुभव आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास आहे. तीच हवा पंधरा-वीसपट दाबली, तर ती पाचशे अंशांहूनही अधिक तापते. मग तीत तेलाचा फवारा सोडताच ते ठिणगीवाचून आपोआप पेटते. हवा जितकी अधिक दाबावी, तितका उष्णतेचा मोठा भाग कामी येतो. डिझेल इंजिनाची काटकसर आणि त्याचे जडपण ही दोन्ही याच एका गोष्टीतून उत्पन्न होतात. कारण एवढा दाब सोसण्यास अंगही तसेच भक्कम लागते.

फेब्रुवारी 1892 मध्ये त्यांनी आपल्या कल्पनेच्या पेटंटासाठी अर्ज केला. पुढील वर्षी ते मिळाले व त्याच वर्षी त्यांचा ग्रंथही प्रसिद्ध झाला. ऑग्सबर्गचा यंत्र-कारखाना व क्रुप यांची पेढी यांनी प्रयोगांस पैसा दिला. परंतु कागदावरील यंत्र आणि लोखंडाचे यंत्र यांत महदंतर असते. त्यांच्या मूळ हिशेबातील दाब त्या काळच्या कोणत्याही यंत्रास पेलण्यासारखा नव्हता. तो पुष्कळ खाली आणावा लागला. ऑगस्ट 1893 मध्ये पहिल्या प्रयोगाच्या वेळी दाब मोजण्याचे उपकरणच फुटून उडाले. 17 फेब्रुवारी 1894 रोजी यंत्र आपल्या बळावर जेमतेम एक मिनिट फिरले. त्यानंतर आणखी तीन वर्षे खपल्यावर, फेब्रुवारी 1897 मध्ये प्राध्यापक श्रोटर यांनी रीतसर परीक्षा घेतली, तेव्हा ते इंधनाच्या उष्णतेपैकी 26 टक्क्यांहून किंचित अधिक भाग कामात आणीत असल्याचे सिद्ध झाले. तोपर्यंतच्या कोणत्याही उष्णतायंत्रास हे साधले नव्हते. वाफेच्या यंत्राविषयी वर्गात ऐकलेल्या त्या एका वाक्यास डिझेल यांनी दिलेले हे उत्तर होय. ते देण्यास त्यांना जवळजवळ वीस वर्षे लागली.

या श्रमांमागे त्यांचा एक सद्हेतूही होता. वाफेची प्रचंड यंत्रे श्रीमंतांच्या कारखान्यांसच परवडत, आणि त्यांपुढे लहान कारागीर देशोधडीस लागत. आपले यंत्र लहान आकाराचे व स्वस्त खर्चाचे होऊन कारागिराच्या पडवीत बसावे, अशी डिझेल यांची मनीषा होती. आमच्या जिल्ह्यातील मोहाडीकडचे कोशाचे विणकर अथवा भंडाऱ्यातील पितळी भांडी घडविणारे कारागीर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस या इच्छेचे मोल सांगावे लागणार नाही. 1900 सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात तर एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले. ज्या देशांत खनिज तेल नाही, तेथे शेतकऱ्याच्या शेतातील तेलानेही यंत्र चालू शकेल, अशी आशा डिझेल यांनी पुढे आपल्या भाषणांतूनही व्यक्त केली.

परीक्षा यशस्वी होताच पैशाचा ओघ सुरू झाला. अमेरिकेतील हक्कांसाठी ॲडॉल्फस बुश नामक उद्योगपतीने दहा लक्ष मार्क मोजले. डिझेल कोट्यधीश झाले. म्युनिक येथे त्यांनी राजवाड्यासारखे घर बांधिले. पण येथूनच त्यांच्या ग्रहदशेस फेरा आला. विकलेली पहिली इंजिने वरचेवर बिघडू लागली; ऑग्सबर्ग येथे काढलेला स्वतंत्र कारखाना बुडाला; पेटंटाचे कज्जे व अतिश्रम यांनी प्रकृती ढासळली. जमिनीच्या व्यवहारांत व इतर उलाढालींत घातलेला पैसा बुडत गेला. कामगारांच्या हिताविषयी त्यांनी 1903 साली लिहिलेल्या पुस्तकाच्याही फारच थोड्या प्रती खपल्या. इकडे यंत्राची कीर्ती मात्र वाढतच होती. 1912 साली सेलांडिया नावाचे डॅनिश जहाज डिझेल इंजिनावर महासागर ओलांडून पूर्वेकडे आले. पाणबुड्यांतही हेच इंजिन बसविण्यात येऊ लागले. जे यंत्र कारागिराच्या पडवीसाठी योजिले होते, ते युद्धाच्या कामी लागले.

29 सप्टेंबर 1913 रोजी डिझेल अँटवर्प बंदरातून ड्रेस्डेन नावाच्या आगबोटीने इंग्लंडास निघाले. रात्री भोजन करून, सकाळी सव्वासहास उठवावे असे सांगून, ते आपल्या खोलीकडे गेले. सकाळी पाहतात तो अंथरूण जसेच्या तसे. टोपी व कोट डेकवर कठड्याजवळ नीट ठेवलेली आढळली. माणसाचा पत्ता नव्हता. दहा-बारा दिवसांनी एका डच बोटीस समुद्रात प्रेत आढळले. त्यावरील चीजवस्तू त्यांच्या मुलाने ओळखल्या. पत्नीजवळ त्यांनी निघण्यापूर्वी एक बॅग देऊन ती आठवड्याने उघडावी असे सांगितले होते. तीत वीस हजार मार्क रोख होते, आणि जोडीला बँकेची खाती रिकामी झाल्याचे दाखविणारे कागद. कोणी घातपाताचा तर्क करितात. पण कर्जाच्या ओझ्याने खचून त्यांनी स्वतःच प्राण दिला असावा, असे पुष्कळ चरित्रकारांस वाटते. त्याचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. तो मनुष्याची अंतःकरणे पाहणाऱ्या प्रभूकडे आहे.

त्यांच्या पश्चात यंत्राची प्रगती थांबली नाही. आरंभी तेलाचा फवारा उडविण्यास हवा दाबणारे जड साधन लागे, म्हणून ते मोटारीत बसत नसे. 1920 नंतरच्या दशकात मालमोटारींत ते बसू लागले, 1927 पासून बॉश यांचा इंधनपंप मिळू लागला, आणि 1936 साली मर्सिडीझ-बेंझ यांनी प्रवासी मोटार बाजारात आणिली. आपल्या महाराष्ट्रात 1946 साली पुण्यास किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली व डिझेल इंजिन शेतकऱ्याच्या विहिरीवर जाऊन बसले. शोधकाची मूळ इच्छा अशा रीतीने फ्रान्स-जर्मनीपेक्षा आपल्या शेतांतच अधिक फळास आली, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे 2006 साली फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत ऑडीच्या डिझेल मोटारीने जिंकली. डिझेल म्हणजे मंद बैल, हा समज त्या दिवशी मोडला. तथापि या यंत्राचा धूर हा त्याचा जुना दोष. 2015 साली फोक्सवॅगन कंपनीने धुराच्या परीक्षेत लबाडी केल्याचे उघडकीस येऊन डिझेलच्या नावास मोठा बट्टा लागला. भारतात एप्रिल 2020 पासून धुराचे नियम कडक झाले, आणि देशातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने त्याच सुमारास डिझेल मोटारी बनविणे सोडून दिले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. भंडाऱ्याहून नागपूर सुमारे 60 किलोमीटर. महिन्यातून 25 दिवस जाणे-येणे धरल्यास वर्षाकाठी 36,000 किलोमीटर होतात. समजा, पेट्रोलची मोटार लिटरला 15 व डिझेलची 20 किलोमीटर जाते. आणि पेट्रोल 100 रुपये व डिझेल 90 रुपये लिटर आहे. तर पेट्रोलचा वार्षिक खर्च 2,40,000 व डिझेलचा 1,62,000 रुपये. म्हणजे 78,000 रुपयांची बचत. डिझेलची मोटार दीड लक्षाने महाग पडली, तरी दोन वर्षांच्या आत अंतर भरून निघते. पण जो गृहस्थ वर्षास 6,000 किलोमीटरच फिरतो, त्याची बचत 13,000 रुपये. त्यास अकरा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागेल. शिवाय नव्या डिझेल मोटारींत काजळी अडविणारी गाळणी असते. ती साफ होण्यास लांबच्या पल्ल्याची ऊब लागते. केवळ बाजारापर्यंतच्या फेऱ्यांनी ती तुंबते. राहता राहिली चपळाई. डिझेलचा जोर कमी फेऱ्यांतच हाती येतो, म्हणून मालमोटारीस मागे टाकताना तो उपयोगी पडतो. पेट्रोलचे इंजिन हलके, शांत व अधिक वेगाने फिरणारे. ज्यास मोटार चालविण्याचाच आनंद हवा, त्यास तेच रुचेल. सारांश, रोजचा लांबचा रस्ता ज्याच्या वाट्यास आहे त्याने डिझेल घ्यावे, इतरांनी पेट्रोल. आणि निर्णय मोटारीच्या डौलावरून न करिता आपल्या किलोमीटरांवरून करावा.

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असा दाखला शुभवर्तमानात आहे. डिझेल यांनी उष्णतेच्या कणाकणाचा हिशेब ठेविला. स्वतःच्या पैशाचा मात्र त्यांस ठेवता आला नाही, आणि त्याहून दुःखाची गोष्ट ही की, तो तुटवडा त्यांनी घरच्या माणसांपासून अखेरपर्यंत झाकून ठेविला. विद्यार्थ्यांनी त्यांच्यापासून एका प्रश्नास वीस वर्षे चिकटून राहण्याची चिकाटी घ्यावी. पालकांस आमची विनंती एवढीच की, मोटार घ्यावयाची असो की कर्ज फेडावयाचे असो, हिशेबाचा कागद घरातील सर्वांच्या देखत मांडावा. जे ओझे एकट्यास समुद्राएवढे वाटते, ते चौघांत वाटले असता बहुधा उचलता येते.