हिशेबाबाहेरचा विजेता

२०२२ साली रॉजर फेडरर निवृत्त झाला, २०२४ साली राफाएल नदालनेही रॅकेट खाली ठेवली, आणि टेनिसच्या रसिकांमध्ये एक परिचित हळहळ पुन्हा ऐकू येऊ लागली. पूर्वीचे टेनिस आता राहिले नाही, अशी ती हळहळ आहे आणि प्रत्येक पिढी ती आपापल्या परीने व्यक्त करीत आली आहे. आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात मधल्या सुटीत हा विषय निघाला, की प्रस्तुत लेखकासारखे नव्वदीच्या दशकात दूरचित्रवाणीवर विम्बल्डन पाहून मोठे झालेले लोक सॅम्प्रस आणि एडबर्ग यांची आठवण काढतात. आमच्याहून वडील सहकारी बोर्ग आणि मॅकेन्रो यांच्या १९८० सालच्या अंतिम सामन्यापाशी थांबलेले असतात. अधूनमधून भेटीस येणारे निवृत्त प्राध्यापक तर त्याही मागे जातात. लाकडी रॅकेट, शुभ्र पोशाख आणि पैशासाठी न खेळणारे सभ्य खेळाडू, असा त्यांचा सुवर्णकाळ आहे. वाद अखेर आकड्यांवर येतो. चार प्रमुख स्पर्धांतील एकेरीची विजेतेपदे नदालची २२, फेडररची २० आणि सॅम्प्रसची १४, असे हिशेब मांडले जातात व त्यावरून थोरवी ठरविली जाते.

याच हिशेबाच्या वहीत एका खेळाडूच्या नावापुढे फक्त २ हा आकडा आहे. त्याचे नाव रिचर्ड अलोन्झो गोन्झालेस. जग त्याला पांचो गोन्झालेस म्हणून ओळखते. १९५४ ते १९६० या काळात त्याच्या तोडीचा खेळाडू पृथ्वीवर नव्हता, असे मानणारे जाणकार आजही थोडे नाहीत. मग हा आकडा २ का, याचे उत्तर त्याच्या चरित्रात आहे. आणि ज्या काळाविषयी आपण हळहळतो त्या काळाच्या अर्थव्यवस्थेतही आहे.

गोन्झालेसचा जन्म ९ मे १९२८ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. आईवडील मेक्सिकोतून आलेले, वडील रंगकाम करणारे, आणि सात भावंडांत हा थोरला. अमेरिकेत त्या काळी कोणाही मेक्सिकन वंशाच्या माणसाला पांचो म्हणून हाक मारण्याची रीत होती व त्या हाकेत तुच्छता असे. तेच नाव पुढे त्याला कायमचे चिकटले. बारा वर्षांचा असताना आईने त्याला ५१ सेंटची एक रॅकेट आणून दिली. शिक्षक नव्हता, क्लबाचे सभासदत्व नव्हते. सार्वजनिक मैदानावर इतरांचा खेळ पाहून तो खेळ शिकला, आणि इतका शिकला की शाळेत जाईनासा झाला. दक्षिण कॅलिफोर्नियातील टेनिसची सूत्रे तेव्हा पेरी जोन्स यांच्या हाती होती. शाळा बुडविणाऱ्या मुलास स्पर्धेत प्रवेश नाही, असा निर्णय त्यांनी दिला. रोज हजेरी घेणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला या निर्णयात वरकरणी गैर काही दिसत नाही. परंतु शिस्तीचा नियम सर्वांना सारखा असला, तरी त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्या घरी खासगी शिक्षक ठेवण्याची ऐपत आहे त्याला शाळा आणि खेळ यांत निवड करावी लागत नाही. गोन्झालेसला ती करावी लागली, आणि किशोरवयातील मोलाची वर्षे त्याने स्पर्धांच्या कुंपणाबाहेर काढली.

नौदलातील नोकरीनंतर १९४७ साली तो खेळाकडे परतला. पुढच्याच वर्षी, अवघ्या विसाव्या वर्षी, फॉरेस्ट हिल्स येथे एरिक स्टर्जेसला हरवून त्याने अमेरिकेचे अजिंक्यपद मिळविले. हा योगायोग असावा, अशी कुजबुज झाली. १९४९ च्या अंतिम सामन्यात टेड श्रोडरविरुद्ध पहिला सेट १६-१८ व दुसरा २-६ असा गमावल्यावर कुजबुज करणाऱ्यांना आनंद झाला असेल. पुढचे तीन सेट ६-१, ६-२, ६-४ असे जिंकून गोन्झालेसने अजिंक्यपद राखले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाविरुद्ध डेव्हिस करंडकाच्या लढतीत त्याने आपले दोन्ही एकेरी सामने जिंकले.

आता प्रश्न पोटाचा होता. त्या काळी विम्बल्डन, अमेरिकन, फ्रेंच व ऑस्ट्रेलियन या चारही प्रमुख स्पर्धा आणि डेव्हिस करंडक केवळ हौशी खेळाडूंसाठी राखीव होते. विजेत्याला करंडक मिळे, बक्षिसाची रक्कम मिळत नसे. प्रवासखर्च आणि निवासखर्च घेण्याची मुभा होती, आणि त्या खर्चाच्या नावाखाली नामवंत खेळाडूंना टेबलाखालून बरेच काही मिळत असे, हे उघड गुपित होते. मराठीत आपण एकाला हौशी म्हणतो आणि दुसऱ्याला धंदेवाईक. या दोन शब्दांतच मानमरातबाची वाटणी होऊन जाते. टेनिसमध्येही तसेच होते. पैसे लपवून घेणारा सभ्य ठरे व उघड घेणारा बहिष्कृत. घरची शेतीवाडी नसलेल्या गोन्झालेसने उघड मार्ग पत्करला. लग्न झालेले, मूल झालेले, हाती दोन अजिंक्यपदे आणि उत्पन्न शून्य, अशा स्थितीत १९४९ च्या शरद ऋतूत तो व्यावसायिक झाला. वय वर्षे २१. त्या दिवसापासून प्रमुख स्पर्धांचे दरवाजे त्याच्यासाठी बंद झाले.

व्यावसायिक टेनिसचे स्वरूप आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. तेथे स्पर्धा थोड्या आणि दौरे फार. विद्यमान विजेता आणि हौशी गटातून नुकताच फुटून आलेला आव्हानवीर यांची जोडी गावोगाव फिरे व एकमेकांशीच शंभरेक सामने खेळे. सोबत गुंडाळलेले किरमिजाचे मैदान मालमोटारीतून नेले जाई आणि बास्केटबॉलच्या सभागृहात अंथरले जाई. आज एका शहरात सामना, रात्री प्रवास, उद्या दुसऱ्या शहरात सामना. आपल्याकडच्या तमाशाच्या फडाचे वेळापत्रक आठवावे, असे हे जीवन होते. पहिल्याच दौऱ्यात जॅक क्रेमरने गोन्झालेसचा ९६ सामन्यांत पराभव केला. गोन्झालेसला जिंकता आले ते केवळ २७. हरलेल्या आव्हानवीराला पाहण्यासाठी कोणी तिकीट काढीत नाही. पुढच्या दौऱ्यांत त्याची जागा दुसऱ्यांना मिळाली. लॉस एंजेलिसमध्ये टेनिसच्या सामानाचे दुकान चालविणे आणि लोकांच्या रॅकेटना तात विणून देणे, हा या माजी अजिंक्यवीराचा काही काळ व्यवसाय झाला.

१९५४ साली तो परतला तो निराळाच खेळाडू होऊन. भेदक सर्व्हिस, जाळीकडे झेपावण्याची चपळाई आणि हरणे मान्य नसलेला संतप्त स्वभाव यांपुढे कोणाचे काही चालेना. १९५५-५६ च्या दौऱ्यात त्याने टोनी ट्रॅबर्टला ७४ विरुद्ध २७ असे हरविले, १९५७ मध्ये केन रोझवॉलला ५० विरुद्ध २६ असे, आणि १९५८ मध्ये अत्यंत गुणी अशा ल्यू होडला ५१ विरुद्ध ३६ असे. अमेरिकेचे व्यावसायिक अजिंक्यपद त्याने आठ वेळा मिळविले. लंडनमधील वेम्बलीची स्पर्धा चार वेळा जिंकली. त्याचे वर्चस्व मोडावे म्हणून १९५५ साली टेबल टेनिससारखी गुणमोजणी करून पाहण्यात आली. तो त्याही पद्धतीने जिंकला.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. ७४ सामने जिंकणाऱ्या गोन्झालेसला त्या दौऱ्यात सुमारे १५ हजार डॉलर मिळाले, तर हरलेल्या ट्रॅबर्टला सुमारे ८० हजार. जिंकणाऱ्याला कमी आणि हरणाऱ्याला पाचपट अधिक, असे का व्हावे? कारण दौऱ्याचा संयोजक आता क्रेमर होता आणि व्यावसायिक टेनिसच्या बाजारात कौशल्य विकत घेणारा जवळजवळ तो एकटाच होता. नव्या खेळाडूला हौशी गटातून ओढून आणायचे, तर मोठी किंमत मोजणे भाग होते, कारण त्याच्यापुढे दुसरा पर्याय होता. गोन्झालेसपुढे नव्हता. तो परत हौशी होऊ शकत नव्हता आणि दुसरा मालकही नव्हता. एकच कापड गिरणी असलेल्या गावातील विणकराची मजुरी त्याच्या कसबावर ठरत नाही. त्याला गाव सोडता येते की नाही, यावर ठरते. गोन्झालेसने न्यायालयात दाद मागितली, परंतु करार त्याने स्वखुशीने केला होता आणि न्यायालयाने तो बंधनकारक ठरविला.

या प्रकरणात क्रेमरला खलनायक ठरविणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. प्रेक्षक नवा चेहरा पाहायला येतात, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि तिकिटे खपली नाहीत तर होणारा तोटा त्याचाच होता. सर्वांसाठी खुल्या स्पर्धा व्हाव्यात याचा आग्रह त्यानेही धरला होता. खोट मूळ व्यवस्थेत होती. हौशी संघटनांनी उभारलेल्या भिंतीमुळेच भिंतीपलीकडे एका संयोजकाची मक्तेदारी निर्माण झाली. गोन्झालेसही साधा माणूस नव्हता. तो सहकाऱ्यांपासून फटकून राही, दौऱ्यात स्वतःची मोटार एकटाच हाकीत जाई, पंच आणि प्रेक्षक यांच्यावर भडके. सहा वेळा लग्नाला उभा राहिला आणि एकही संसार टिकवू शकला नाही.

या भिंतीची झळ आपल्याही एका थोर खेळाडूला लागली आहे. १९६० व १९६१ या लागोपाठच्या वर्षी विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठणाऱ्या रामनाथन कृष्णन यांच्यापुढे क्रेमरने तीन वर्षांसाठी दीड लाख डॉलरचा देकार ठेवला होता. कृष्णन यांनी तो नाकारला. स्वीकारला असता, तर डेव्हिस करंडकात भारताकडून खेळणे त्यांना अशक्य झाले असते, आणि १९६६ साली भारताने या स्पर्धेची निर्णायक फेरी गाठली, ती कदाचित गाठली नसती. कृष्णन यांच्या त्यागाचे आपण कौतुक करतो व ते योग्यच आहे. परंतु देश आणि उपजीविका यांत निवड करावयास लावणाऱ्या नियमाचे कौतुक कशासाठी करावयाचे?

१९६० साली खुल्या स्पर्धांचा ठराव आंतरराष्ट्रीय संघटनेत केवळ पाच मतांनी फेटाळला गेला. तो मंजूर झाला तो १९६८ साली. गोन्झालेस तेव्हा चाळिशीत पोचला होता. १९५० ते १९६७ ही अठरा वर्षे, दर वर्षी चार स्पर्धा, म्हणजे एकूण ७२ प्रमुख स्पर्धांना तो मुकला होता. प्रत्येक स्पर्धेला तो गेलाच असता असे नाही, गेला असता तर जिंकलाच असता असेही नाही. तथापि ७२ या संख्येपुढे त्याच्या नावावरचा २ हा आकडा ठेवून पाहिला, म्हणजे वहीतील हिशेब किती अपुरा आहे हे कळते.

उशिरा उघडलेल्या दारातून तो आत शिरला, आणि २४ जून १९६९ रोजी विम्बल्डनवर ४१ वर्षांचा गोन्झालेस व बराच तरुण चार्ली पासारेल यांचा सामना सुरू झाला. पहिला सेट २२-२४ असा गेला. अंधार दाटला असता खेळ चालू ठेवल्याबद्दल चिडलेल्या गोन्झालेसने दुसरा सेट १-६ असा घालविला आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. दुसऱ्या दिवशी त्याने १६-१४, ६-३, ११-९ असे तिन्ही सेट जिंकले. अखेरच्या सेटमध्ये सात वेळा पराभव एका गुणावर येऊन ठेपला होता. ११२ गेम, ५ तास १२ मिनिटे. आदल्या दिवशी हुर्यो उडविणारे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवीत होते. पुढील फेऱ्यांत त्याला आर्थर अ‍ॅशने हरविले. श्वेतवर्णीयांच्या या खेळात कृष्णवर्णी अ‍ॅशने लहानपणी ज्याला आदर्श मानले होते, तो हाच मेक्सिकन रंगाऱ्याचा मुलगा होता. १९७० च्या जानेवारीत, रॉड लेव्हरने एकाच वर्षात चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्याला काही महिनेच झाले असताना, गोन्झालेसने त्यालाही पाच सेटमध्ये हरविले.

पुढे लास व्हेगासमधील एका आलिशान हॉटेलात तो अनेक वर्षे टेनिस शिकवीत होता. ३ जुलै १९९५ रोजी, विम्बल्डनची स्पर्धा रंगात आलेली असताना, कर्करोगाने त्याचे निधन झाले. गाठीशी पैसा नव्हता. अंत्यविधीचा खर्च त्याचा एकेकाळचा मेहुणा आंद्रे अगासी याने केला. एकाच स्पर्धेत लक्षावधी डॉलर मिळविणाऱ्या पिढीच्या प्रतिनिधीने, त्या पिढीसाठी अठरा वर्षे दाराबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाचे हे अखेरचे देणे फेडले, असे म्हणावयास हरकत नाही.

गतकाळाविषयी हळहळ वाटण्यात वावगे काही नाही. लाकडी रॅकेटच्या त्या खेळात सौंदर्य होते, आणि आजच्या खेळात पैशाचा बडिवार माजला आहे, हेही खरे आहे. पण तो काळ पैशाच्या स्पर्शापासून मुक्त होता, हा समज मात्र आपण सोडून द्यावा. पैसा तेव्हाही होता. फक्त तो कोणी घ्यावा आणि घेतल्यावर कोणाला गावाबाहेर राहावे लागावे, हे मूठभर लोक ठरवीत होते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत गृहिणीचे श्रम धरले जात नाहीत, म्हणून ते श्रम झालेच नाहीत असे आपण म्हणत नाही. प्राध्यापक-कक्षात यापुढे २२ मोठे की २० मोठे हा वाद रंगेल, तेव्हा त्या २ या आकड्याचीही कोणीतरी आठवण करून द्यावी, एवढेच सुचवावेसे वाटते.