मेंढरांचा कैवारी लुई पाश्चर

लुई पाश्चर हे नाव आपल्याला शाळेत दोन कारणांनी माहीत होते. एक म्हणजे दूध तापवून टिकवण्याची पद्धत आणि दुसरे, पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरची लस. या दोन्हींच्या मधली काही वर्षे मात्र या थोर माणसाने मेंढरांपायी घालवली. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जीवशास्त्रावर अधिकाराने लिहिणे मला शक्य नाही. पण त्या मेंढरांची हकीकत वाचताना मला ती हिशेबाची गोष्ट वाटली, म्हणून हे लिहितो आहे.

पाश्चरचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल या गावी झाला. वडील कातडी कमावणारे, पूर्वी नेपोलियनच्या सैन्यात शिपाई होते. मुलगा शिकून रसायनशास्त्रज्ञ झाला. तो डॉक्टर नव्हता, की पशुवैद्यही नव्हता. त्याच्या तीन मुली लहानपणीच दगावल्या. १८६८ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि डावे अंग कायमचे अधू झाले. मेंढरांचे काम त्याने हाती घेतले ते यानंतर, वयाची पन्नाशी उलटल्यावर.

त्या काळी फ्रान्समधील मेंढपाळांना एका रोगाने हैराण केले होते. त्याला शास्त्रात अँथ्रॅक्स म्हणतात, आपल्याकडचे पशुपालक फाशी म्हणतात. सकाळी चरणारी मेंढी कळपाच्या मागे रेंगाळू लागते, मान टाकते, पाय लटपटतात, धाप लागते आणि काही तासांत ती मरून पडते. तिचे रक्त काळे व दाट असते. आजारी मेंढीला धनी वेगळे बांधील, पाला-पाणी देईल, रात्रभर उशाशी बसेल, पण या रोगात शुश्रूषेला वेळच मिळत नसे. आपल्या सीमाभागात धनगर आणि कुरुबर यांचे सारे भांडवल चार पायांवर चालते. एका रात्रीत दहा मेंढ्या जाणे म्हणजे काय, हे येथे कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

रोगाचा जंतू जर्मनीच्या रॉबर्ट कॉखने १८७६ मध्ये निर्विवाद दाखवून दिला होता. पण तो कुरणात येतो कोठून? पाश्चर आपले सहकारी रू आणि शांबरलां यांना घेऊन शार्त्र् भागातल्या शेतांवर गेला. तिथे त्याने मेंढपाळांनाच प्रश्न विचारले, कारण जनावर रोज पाहणारा तोच. काही शेते शापित आहेत, तेथे चरायला नेले की मेंढी मरते, असा लोकांचा समज होता. एका शेतात पाश्चरला मातीचा एक तुकडा वेगळ्या रंगाचा दिसला. चौकशी करता कळले, की रोगाने मेलेल्या मेंढ्या तेथे पुरल्या होत्या. गांडुळे खालची माती वर आणून टाकतात, तिच्याबरोबर जंतूचे चिवट बीजही वर येते, असे त्याने प्रयोगाने दाखवले. शाप कसला, मेलेली मेंढरे कुरणातच पुरण्याची रीत जिवावर उठली होती!

याच सुमारास जुरा भागातील एका पशुवैद्याने या रोगावर उपाय सापडल्याचे जाहीर केले. जनावराचे अंग चोळून गरम करायचे, औषधे चोपडायची आणि गवतात गुंडाळून ठेवायचे. सरकारने तपासणीसाठी पाश्चरला पाठवले. त्याने काही गायींना रोग टोचला. त्यांतल्या निम्म्या त्या वैद्याच्या स्वाधीन केल्या आणि निम्म्या तशाच ठेवल्या. दोन्हींकडे काही मेल्या, काही जगल्या. म्हणजे शुश्रूषा केली म्हणून गाय जगली, असे म्हणायला आधार उरला नाही. दुसरी निम्मी बाजू नसती, तर त्या वैद्याचा जयजयकार झाला असता. मात्र बऱ्या झालेल्या गायींना पुन्हा जहाल जंतू टोचले, तेव्हा त्यांना काहीच झाले नाही. पाश्चरने ही गोष्ट मनात ठेवली.

मग १८८१ साल उजाडले. मलँ गावाजवळ पुयी-ल-फोर येथील शेतावर जाहीर परीक्षा ठरली. २४ मेंढ्या, एक शेळी आणि ६ गुरे यांना ५ मे व १७ मे रोजी अशक्त केलेल्या जंतूंची लस दिली. दुसऱ्या बाजूला २४ मेंढ्या, एक शेळी आणि ४ गुरे लसीविना ठेवली. ३१ मे रोजी सर्वांना जहाल जंतू टोचले. कोणी शंका काढू नये म्हणून एक या बाजूची, एक त्या बाजूची अशी आळीपाळीने. त्यानंतर लस दिलेली एक मेंढी फार आजारी असल्याची वार्ता आली आणि पाश्चरचा धीर सुटला. ती रात्र त्याने कशी काढली असेल, याची कल्पना करावी. २ जूनला दुपारी तो शेतावर पोचला, तेव्हा लस न दिलेल्या २१ मेंढ्या आणि शेळी मरून पडली होती. उरलेल्या तीनही दिवस मावळेपर्यंत गेल्या. लस न दिलेली गुरे सुजली, पण जगली. लस दिलेल्या मेंढ्या मात्र चरत होत्या. त्यांतली एक गाभण मेंढी काही दिवसांनी मेली, पण तिचे कारण पोटातले मेलेले पिल्लू ठरले.

येथे हिशेबातली एक खोट सांगितलीच पाहिजे. जंतू उष्णतेत व हवेत वाढवून अशक्त करण्याची आपली पद्धत पाश्चरने जगापुढे मांडली होती. पुयी-ल-फोरला वापरलेली लस मात्र शांबरलांने पोटॅशियम डायक्रोमेट या रसायनाने तयार केलेली होती. रसायनाचा मार्ग तुलूझच्या तूसां या पशुवैद्याच्या विचाराजवळचा होता. त्याचे १८९० मध्ये निधन झाले, श्रेय त्याच्या वाट्याला फारसे आले नाही. पाश्चरच्या खासगी टिपणवह्या विसाव्या शतकात अभ्यासकांना खुल्या झाल्या आणि जेरल्ड गीसन यांनी १९९५ मध्ये ग्रंथ लिहून हा फरक तपशीलवार मांडला. रोजकीर्द आणि ताळेबंद जुळत नसेल, तर नफा खरा असूनही हिशेबनीस दोषी ठरतो. पाश्चरलाही हा नियम लागू करावा, असे मला वाटते. तरी नोंद त्याने खरी लिहून ठेवली, वही फाडली नाही, हेही जमेस धरावे.

आणि नफा खरा होता. पुढील बारा वर्षांत फ्रान्समध्ये तीस लाखांहून अधिक मेंढ्यांना लस दिली गेली. पूर्वी शेकडा दहाच्या आसपास मेंढ्या मरत, ते प्रमाण शेकडा एकाच्या घरात आले. त्याच वर्षी, १८८१ मध्ये, लंडनच्या परिषदेत पाश्चरने सुचवले, की जेन्नरच्या सन्मानार्थ 'व्हॅक्सिन' हा शब्द केवळ देवीसाठी न ठेवता अशा सर्व लसींसाठी वापरावा. बेळगावच्या टिळकवाडीत 'व्हॅक्सिन डेपो' आपण रोज म्हणतो, तो शब्द असा गायीपासून निघून मेंढरांच्या वाटेने सर्व रोगांपर्यंत गेला. १८८५ मध्ये नऊ वर्षांचा जोसेफ मायस्टर पाश्चरच्या लसीनंतर वाचला, त्यामागेही हाच अनुभव होता. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर निवर्तला.

ज्याच्या प्रयोगात २४ मेंढ्या डोळ्यांदेखत मेल्या, त्याला मेंढरांचा कैवारी कसे म्हणावे, असे कोणी विचारील. आजारी मेंढीच्या उशाशी बसणारा धनगर दयाळू आहेच. पण पाश्चरने ती मेंढी आजारीच पडणार नाही अशी तजवीज केली, आणि तिची किंमत किती पडली तेही चारचौघांसमोर मोजून दाखवले. त्या २४ मेंढ्या खर्चाच्या बाजूला लिहिल्या गेल्या, म्हणूनच जमेच्या बाजूवर लोकांचा विश्वास बसला. लस टोचलेले कळप पाहताना त्या नावनिशाणी नसलेल्या मेंढ्यांचीही आठवण ठेवावी.