बढतीचे ऋण फेडणारे चिंतामणराव

११ ऑगस्ट १९४३ रोजी रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदाची सूत्रे प्रथमच एका भारतीयाच्या हाती आली. ते भारतीय म्हणजे कोकणचे सुपुत्र चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत गव्हर्नर सर जेम्स टेलर यांचे पदावर असतानाच निधन झाले होते. डेप्युटी गव्हर्नर असलेल्या चिंतामणरावांची नेमणूक होण्यास त्यानंतर जवळजवळ सहा महिने लागले. तेव्हा ते ४७ वर्षांचे होते.

रायगड जिल्ह्यातील महाडनजीकच्या नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील रोह्यात वकिली करत. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत चिंतामणराव पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी पटकावली. केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळविले, तर १९१८ मध्ये आयसीएस परीक्षेत पहिला क्रमांक. पुढे मध्य प्रांत व वऱ्हाडच्या प्रशासनात त्यांनी महसूल व अर्थखात्याचे काम पाहिले. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवांमध्येही त्यांचा समावेश होता.

जुलै १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले, ते सरकार आणि बँक यांच्यातील संपर्क अधिकारी म्हणून. तीन महिन्यांत ते केंद्रीय मंडळाचे सचिव झाले, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर आणि १९४३ मध्ये गव्हर्नर. चार वर्षांतील ही चढण कोणालाही हुरळून टाकणारी होती. मात्र नेमणूक करणारे सरकार परके होते आणि बँकेत पैसा होता तो या देशाचा. बढतीबद्दल कृतज्ञ राहायचे, तर नेमके कोणाशी, हा प्रश्न त्या खुर्चीतच दडलेला होता. चिंतामणरावांनी त्याचे उत्तर कामातून दिले.

काळ कठीण होता. महायुद्धाच्या खर्चामुळे चलन फुगले होते, महागाई भडकली होती आणि बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. भारताने पुरविलेल्या मालापोटी ब्रिटनकडे प्रचंड स्टर्लिंग येणे साचत होते. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वूड्स परिषदेला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळात चिंतामणराव होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया घालणाऱ्या त्या परिषदेत या शिष्टमंडळाने स्टर्लिंग येण्याचा आणि गरीब देशांच्या विकासाचा प्रश्न मांडला.

फाळणीनंतर तर एकाच बँकेला दोन देशांचा संसार सांभाळावा लागला. ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती. चलन आणि मालमत्तेच्या वाटणीचे ते नाजूक काम चिंतामणरावांच्या कारकिर्दीत पार पडले. खासगी भागधारकांची ही बँक १ जानेवारी १९४९ रोजी राष्ट्राच्या मालकीची झाली, तेव्हाही सुकाणू त्यांच्याच हाती होते. ३० जून १९४९ रोजी त्यांनी गव्हर्नरपद सोडले.

१९५० मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाब्यातून लोकसभेवर गेले. इम्पीरियल बँकेची स्टेट बँक होणे आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण हे त्यांच्याच कारकिर्दीतील निर्णय. पण मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचे केंद्राने ठरविले आणि आंदोलकांवर मुंबईत गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा त्यांना सत्तेत राहणे पटेना. जुलै १९५६ मध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. ज्या खुर्चीने मान दिला, तिच्याहून ज्या मातीने घडविले तिचे ऋण त्यांनी मोठे मानले.

राजीनाम्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये पत्नी दुर्गाबाई आणि त्यांना एकाच वेळी पद्मविभूषण मिळाले. फायली आणि ताळेबंद यांच्या जोडीने संस्कृतचा व्यासंगही त्यांनी आयुष्यभर जपला. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले, गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली. २ ऑक्टोबर १९८२ रोजी, गांधीजयंतीच्याच दिवशी, हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.