गणितज्ञ आर्थर केली

दोन संख्यांचा गुणाकार करतांना क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाहीं, हें आपण लहानपणींच शिकतों. जेथें हा नियम चालत नाहीं अशा गणिताचा पाया घालणाऱ्यांपैकीं एका थोर पुरुषाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

आर्थर केली यांचा जन्म १६ ऑगस्ट १८२१ रोजीं इंग्लंडांतील रिचमंड येथें झाला. वडील रशियांत व्यापार करीत, म्हणून त्यांचें बालपण सेंट पीटर्सबर्ग येथें गेलें. मुलानें आपलाच धंदा चालवावा अशी वडिलांची इच्छा होती. परंतु लंडन येथील शाळेच्या मुख्याध्यापकांनीं मुलाची बुद्धि ओळखून त्यास केंब्रिजला पाठविण्याचा सल्ला दिला, व वडिलांनीं तो मानला. १८४२ सालीं केली सीनियर रँग्लर झाले. हाच मान पुढें १८९९ सालीं आपल्या रघुनाथराव परांजपे यांस एका सहाध्यायाबरोबर विभागून मिळाला.

केवळ गणितावर निर्वाह चालणें कठीण, म्हणून केली यांनीं १८४९ सालीं वकिलीची सनद घेतली. पोटापुरतें काम पत्करावें व उरलेला वेळ गणितास द्यावा, असा त्यांचा चौदा वर्षे क्रम होता. एवढ्या काळांत त्यांनीं दोनशेंहून अधिक निबंध लिहिले.

त्यांपैकीं १८५८ सालचा निबंध मॅट्रिक्सविषयीं आहे. मॅट्रिक्स म्हणजे आडव्या व उभ्या ओळींत मांडलेला संख्यांचा समूह. हें नांव त्यांचे मित्र सिल्व्हेस्टर यांनीं १८५० सालीं दिलें. परंतु अशा समूहांची बेरीज व गुणाकार करून त्यांचें स्वतंत्र बीजगणित केली यांनीं उभारलें. एक चौरस आडवा ताणून दुप्पट रुंद करावा व मग काटकोनांत फिरवावा, म्हणजे उभा आयत मिळतो. आधीं फिरवून मग ताणला तर आडवा मिळतो. मॅट्रिक्स अशाच क्रिया दर्शवितात, म्हणून त्यांच्या गुणाकारांत क्रमास महत्त्व आहे. सारख्या आकाराच्या चौरस मॅट्रिक्सांच्या अशा कुटुंबास आज गणितज्ञ वलय म्हणतात. प्रत्येक चौरस मॅट्रिक्स स्वतःच्या एका विशिष्ट समीकरणाचें समाधान करतो, हा सिद्धांतही याच निबंधांत आहे. केली यांनीं तो लहान आकारांपुरताच तपासला; सर्व आकारांसाठीं सिद्धता फ्रोबेनियस यांनीं १८७८ सालीं दिली.

१८६३ सालीं केंब्रिजला प्राध्यापकाची जागा मिळतांच केली यांनीं वकिलीची मोठी प्राप्ति आनंदानें सोडली. स्त्रियांच्या उच्च शिक्षणासही त्यांनीं हातभार लावला. २६ जानेवारी १८९५ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्यांचे निबंध तेरा खंडांत भरले आहेत.

ईश्वरानें दिलेली देणगी जमिनींत पुरून ठेवूं नये, हें केली यांनीं आचरणानें दाखविलें. ती वेळींच ओळखणारे गुरु व तिला वाट देणारे पिता त्यांस लाभले, हेंही आम्हांस तितकेंच मोलाचें वाटतें.