लुडविग बीरमान

लुडविग फ्रान्झ बेनेडिक्ट बीरमान (१३ मार्च, १९०७:हॅम, जर्मनी - १२ जानेवारी, १९८६:म्युनिक, जर्मनी) हे जर्मन खगोलभौतिकशास्त्रज्ञ होते. सूर्यापासून विद्युतभारित कणांचा प्रवाह सतत व सर्व दिशांना वाहत असतो, हा निष्कर्ष त्यांनी अवकाशयानांच्या आधीच्या काळात केवळ धूमकेतूंच्या पुच्छांवरून काढला. या प्रवाहाला पुढे सौरवात हे नाव मिळाले.

जीवन

बीरमान यांनी १९३२ मध्ये गॉटिंगेन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १९४७ पासून ते तेथील माक्स प्लांक भौतिकी संस्थेत खगोलभौतिकी विभागाचे प्रमुख होते. १९५८ मध्ये संस्थेबरोबर ते म्युनिकला गेले आणि १९७५ पर्यंत तेथे कार्यरत राहिले.

धूमकेतू आणि सौरवात

धूमकेतूला बहुधा दोन पुच्छे असतात. धुळीचे पुच्छ वक्र असते. प्रकाशाच्या दाबाने त्याचा उलगडा होतो. आयनांचे पुच्छ मात्र जवळजवळ सरळ असते आणि त्यातील गाठी इतक्या वेगाने मागे फेकल्या जातात की, प्रकाशाचा दाब त्याला पुरा पडत नाही. शिवाय हे पुच्छ सूर्याच्या नेमके विरुद्ध दिशेस नसून काही अंशांनी मागे कललेले असते, हे कूनो हॉफमाइस्टर यांनी १९४३ मध्ये दाखवले होते. सरळ पडणारा पाऊसही चालणाऱ्याला तिरपा भासतो, तसाच हा प्रकार. या साऱ्यावरून बीरमान यांनी १९५१ मध्ये सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाच्या अखंड सौरकणप्रवाहाची कल्पना मांडली. १९५८ मध्ये यूजीन पार्कर यांनी तिला सैद्धांतिक आधार दिला.

निष्कर्ष बरोबर असला तरी त्यामागील कारणमीमांसा चुकीची होती, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. सौरकण आयनांवर आदळून त्यांना ढकलतात, असे बीरमान मानत. त्यासाठी प्रवाहाची घनता प्रत्यक्षाहून कितीतरी अधिक असावी लागली असती. हानेस आल्फवेन यांनी १९५७ मध्ये ही उणीव दूर केली. धूमकेतूचा वायू सूर्यप्रकाशाने आयनीभूत होतो आणि ते जड आयन सौरवातातील चुंबकीय क्षेत्ररेषांना चिकटल्यासारखे होतात. त्यामुळे शीर्षाजवळ रेषा मंदावतात, तर दूरचे भाग पूर्ववत वेगाने पुढे जातात. परिणामी त्या धूमकेतूभोवती केसांच्या आकड्यासारख्या वाकतात व पुच्छात परस्परविरुद्ध दिशांचे दोन चुंबकीय पट्टे तयार होतात. बीरमान यांनीही पुढे हाच मार्ग धरला. १९६७ मध्ये ब्रोझोव्स्की व श्मिट यांच्यासह त्यांनी आयनांच्या भाराने सौरवात कसा मंदावतो याचे गणित केले. धूमकेतूपुढे आघाततरंग असला पाहिजे, असे त्यातून निघाले. धूमकेतूभोवती हायड्रोजनचा प्रचंड मेघ असावा, हे त्यांचे १९६८ मधील भाकीतही १९७० मधील उपग्रहनिरीक्षणांनी खरे ठरले.

सन्मान

१९६७ मध्ये ब्रूस पदक आणि १९७४ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले.

अखेरचा काळ

११ सप्टेंबर, १९८५ रोजी आइस हे यान जाकोबिनी-त्सिनर धूमकेतूच्या पुच्छातून गेले, तेव्हा विरुद्ध दिशांचे ते दोन पट्टे प्रत्यक्ष मोजले गेले. हे बीरमान यांच्या हयातीत घडले. हॅलेच्या धूमकेतूजवळ जोत्तो यान मात्र त्यांच्या निधनानंतर दोन महिन्यांनी, १३ मार्च, १९८६ च्या रात्री पोहोचले. धूमकेतूच्या गाभ्यापासून सुमारे साडेअकरा लाख किलोमीटरवर त्याला आघाततरंग आढळला. गाभ्याभोवती काही हजार किलोमीटरच्या परिसरात तर सौरवाताचे चुंबकीय क्षेत्र शिरूच शकलेले नव्हते.