कै. नूतन : एका अभिनेत्रीचें अल्प गायन

हिंदी चित्रपटसृष्टींत ज्या महाराष्ट्रीय स्त्रियांनीं केवळ अभिनयाच्या बळावर अक्षय कीर्ति संपादिली, त्यांत कै. नूतन यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. परंतु त्या स्वतः गातही असत, आणि त्यांच्या आवाजांतलीं कांहीं गाणीं ध्वनिमुद्रित झालेलीं आहेत, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिवर्गांत फारशी कोणास ठाऊक नसावी. त्यांच्या अभिनयाविषयीं पुष्कळांनीं पुष्कळ लिहिलें आहे. येथें त्या थोड्याशा गायनाचाच विचार करावयाचा आहे.

नूतन यांचा जन्म ४ जून १९३६ रोजीं मुंबईंत झाला. वडील कुमारसेन समर्थ हे चित्रपट-दिग्दर्शक. आई शोभनाबाई समर्थ ह्या त्या काळच्या नामांकित नटी. १९४३ सालच्या 'रामराज्य' या बोलपटांत शोभनाबाईंनीं सीतेची भूमिका केली, आणि पुढें कित्येक वर्षें लोकांच्या मनांत सीता म्हटली म्हणजे त्यांचाच चेहरा उभा राही. चार भावंडांत नूतन थोरली. तनुजा, चतुरा व जयदीप हीं धाकटीं. आईबाप पुढें विभक्त झाले व घराचा भार शोभनाबाईंवर पडला. मुलगी अंगानें अगदीं बारीक, स्वभावानें अबोल. पण गाण्याची आवड लहानपणापासूनच होती, आणि शास्त्रोक्त संगीताचें शिक्षणही तिला मिळालें.

येथें थोडें विषयांतर करणें भाग आहे. बोलपट प्रथम सुरू झाले तेव्हां ज्यानें गावयाचें त्यानेंच कॅमेऱ्यापुढें उभें राहून गावयाचें, अशी रीत होती. आपल्या शांता आपटे यांनीं 'कुंकू' (१९३७) मध्यें असेंच स्वतःच्या गळ्यानें गाऊन नांव मिळविलें. पण १९३५ च्या सुमारास पार्श्वगायनाची युक्ति निघाली. गाणें आधीं स्वतंत्रपणें ध्वनिमुद्रित करावयाचें, आणि चित्रीकरणाच्या वेळीं तें वाजवून नटीनें त्याबरोबर ओठ हालवावयाचे. या सोईमुळें ज्यांस गातां येत नाहीं त्यांसही नायिका होतां आलें. उलट ज्यांस गातां येत होतें त्यांच्या गळ्याचें मात्र कोणास अगत्य उरलें नाहीं. नूतन चित्रपटांत आल्या त्या याच संधिकालीं. लता मंगेशकर यांचा आवाज तेव्हां सर्वत्र दुमदुमूं लागला होता. (हल्लीं आमच्या स्नेहसंमेलनांतही मुलें भ्रमणध्वनींतून गाणें लावून ओठ हालवितात, तेव्हां हा प्रकार त्यांस समजावून सांगण्याची गरज नाहीं!)

१९५० सालीं शोभनाबाईंनीं 'हमारी बेटी' हा बोलपट स्वतः काढला व थोरल्या मुलीस नायिका केली. नूतन तेव्हां अवघी तेरा-चौदा वर्षांची. या पहिल्याच चित्रपटांत तिनें एक गाणें स्वतःच्या आवाजांत गाइलें. तें बसविणारे संगीतदिग्दर्शक स्नेहल भाटकर. त्यांचें खरें नांव वासुदेव. मुलगी स्नेहलता हिच्या नांवावरून त्यांनीं 'स्नेहल' हें नांव घेतलें. ते स्वतः भजनें उत्तम गात, त्यामुळें मोठ्या वाद्यवृंदाच्या झगमगाटापेक्षां साध्या, सरळ चालीकडे त्यांचा ओढा असे. कोवळ्या आवाजाच्या मुलीकडून गाऊन घ्यावयास असा माणूस मिळाला हें भाग्यच म्हणावयाचें.

त्यानंतर मात्र जवळजवळ दहा वर्षें त्यांच्या गळ्यास काम मिळालें नाहीं. अभिनयास मात्र भरपूर मिळालें. १९५१ सालीं 'नगीना' व 'हम लोग' हे बोलपट झाले. 'नगीना' केवळ प्रौढांसाठीं ठरविला गेला होता. म्हणून त्याची नायिका असूनही वयानें लहान म्हणून नूतनला चित्रपटगृहाच्या दारांतून परत फिरावें लागलें. १९५३ सालीं ती स्वित्झर्लंडमधील शाळेंत शिकावयास गेली. परत आल्यावर १९५५ सालीं अमिय चक्रवर्ती यांचा 'सीमा' निघाला, आणि त्यांतल्या कामाबद्दल फिल्मफेअरचें उत्कृष्ट अभिनेत्रीचें पारितोषिक मिळालें.

'सीमा'मध्यें एक प्रसंग आहे. चोरीचा खोटा आळ आल्यामुळें आश्रमांत ठेवलेली, सर्वांवर चिडलेली ती मुलगी तंबोरा घेऊन गाते. राग जयजयवंती, आवाज लताबाईंचा. ज्यांनीं हा चित्रपट पाहिला असेल त्यांनीं त्या वेळचा नूतनचा गळा नीट पाहावा. तान सुरू होण्यापूर्वीं श्वास घेतला जातो, मानेच्या शिरा ताणल्या जातात, समेवर येतांना चेहरा सैल होतो. नुसते ओठ हालविणाऱ्या नटीस हें सुचत नाहीं. ज्यानें स्वतः तंबोऱ्याशीं बसून स्वर लाविला आहे त्याच्याच अंगांत तें येतें. लेखकाच्या मतें त्यांच्या गायनाचा मोठा भाग हा असा परक्या आवाजाखालीं झांकलेला आहे.

१९५९ हें वर्ष त्यांच्या आयुष्यांत फार भरभराटीचें गेलें. बिमल रॉय यांच्या 'सुजाता'नें दुसरें पारितोषिक मिळवून दिलें, 'अनाडी' लोकप्रिय झाला, आणि ११ ऑक्टोबर रोजीं नौदलांतील अधिकारी रजनीश बहल यांच्याशीं विवाह झाला. पुढल्याच वर्षीं, म्हणजे १९६० सालीं, शोभनाबाईंनीं धाकट्या तनुजेस पुढें आणण्यासाठीं 'छबिली' काढला. दिग्दर्शन शोभनाबाईंचेंच, संगीत पुन्हां स्नेहल भाटकरांचें. नूतन यांनीं त्यांत काम केलें, आणि पुन्हां गाइल्या.

'छबिली'तील त्यांचें 'ऐ मेरे हमसफर' हें एकटीचें गाणें विशेष गाजलें. आवाज फार मोठा नाहीं, फार उंचही चढत नाहीं. त्यांत लताबाईंची तार नाहीं, कीं आशाबाईंची चपलता नाहीं. परंतु शब्द स्वच्छ, स्वर नेमका, आणि कोणास ऐकवावयाचें आहे असा आविर्भाव मुळींच नाहीं. जणूं घरांतल्या घरांत कोणी सहज गुणगुणत आहे. शिकलेल्या गळ्यानें आपलें शिक्षण लपवावें हें सोपें नसतें. दुसरें गाणें, 'लहरों पे लहर', बंगाली गायक हेमंतकुमार यांच्याबरोबरचें. याची चाल मात्र भाटकरांच्या भजनांतून आलेली नव्हे. इटलींतील नेपल्स येथें १९५६ सालीं 'ग्वाल्योने' या नांवाचें एक गाणें लोकप्रिय झालें. अमेरिकेंत डीन मार्टिन या गायकानें १९५७ सालीं त्याचें इंग्रजी रूप गाइलें. आणि तीच लाट तीन वर्षांत मुंबईच्या किनाऱ्यास लागली. भजनी वळणाच्या संगीतकारानें परदेशची उडती चाल घ्यावी, आणि ती हेमंतकुमारांच्या भारदस्त व नूतन यांच्या हलक्या आवाजांत इतकी मिसळून जावी, हें ऐकून आजही नवल वाटतें.

लोकांस गाणीं आवडलीं. मग गायन पुढें कां चाललें नाहीं? निर्मात्यांस चालू बाजारांतला खात्रीचा आवाज हवा असे, हें एक कारण उघड आहे. १९६१ सालीं मुलगा मोहनीश याचा जन्म झाला व संसार वाढला. पण आणखी एक गोष्ट लक्षांत येते. 'हमारी बेटी' आणि 'छबिली', दोन्ही चित्रपट आईचे. या मुलीस गातां येतें, तर तिला गाऊं द्यावें, असें म्हणणारी आईच होती. दुर्दैवानें पुढें पैशाच्या व्यवहारावरून मायलेकींत वितुष्ट आलें, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें, आणि बरींच वर्षें दोघींचें बोलणें बंद राहिलें. ज्या घरांत गाण्यास जागा होती, तें घरच असें दुरावलें. दोष कोणाचा, हें ठरविण्याचा अधिकार आपणांस नाहीं. उतारवयांत त्यांचा समेट झाला, एवढें मात्र समाधानानें नमूद करतां येतें.

यानंतरची हकीकत सर्वश्रुत आहे. १९६३ सालीं 'बंदिनी', १९६७ सालीं 'मिलन', १९७८ सालीं 'मैं तुलसी तेरे आंगन की' या चित्रपटांनीं मिळून उत्कृष्ट अभिनेत्रीचीं पांच पारितोषिकें पुरीं झालीं. १९७४ सालीं सरकारनें पद्मश्री दिली. 'बंदिनी'मधील सचिनदेव बर्मन यांचीं कांहीं गाणीं लताबाईंच्या आवाजांत आहेत. ओठ व श्वास नूतन यांचे. उत्तरायुष्यांत त्यांचें मन भजनांकडे वळलें. दूरदर्शनवर 'मुजरिम हाजिर' या बिमल मित्र यांच्या बंगाली कादंबरीवरून केलेल्या मालिकेंत १९८८ च्या सुमारास त्यांनीं कालीगंजच्या सुनेचें काम केलें; घरबसल्या त्यांस पाहणारा नवा प्रेक्षकवर्ग त्यामुळें मिळाला. कर्करोगानें २१ फेब्रुवारी १९९१ रोजीं मुंबईंत त्यांचें देहावसान झालें. वय अवघें चोपन्न वर्षांचें होतें.

२०११ सालीं टपालखात्यानें नामवंत अभिनेत्रींचीं तिकिटें काढलीं, त्यांत एक नूतन यांचें आहे. 'छबिली' हा चित्रपट आज फारसा कोणी पाहत नाहीं, पण त्यांतलीं गाणीं जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांत अधूनमधून कानीं पडतात. आणि गायिकेचें नांव निवेदकानें सांगितलें नाहीं, तर ऐकणारे आपापसांत गीताचें, सुमनचें, आशाचें अशीं नांवें घेत राहतात.